साहस, वय वर्षं सहा

गणपतीत आमच्या घरात माणसं वाढतात तसे चार्जरही वाढतात. ओटीवर प्लग एकच. त्याला एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाला मखराची माळ, आणि उरलेल्या जागेसाठी चार फोन आणि एक टॅब यांची चढाओढ. संगमेश्वर रोड स्टेशनला गाडीतून उतरताना पोरांच्या एका हातात आईचा हात असतो आणि दुसऱ्या हातात तो टॅब. दुपारची आरती झाली, मोदक जिरवायला थोरली मंडळी आडवी झाली, की धाकटी फौज माझ्याकडे वळते. "आत्या, अ‍ॅडव्हेंचरवाला गेम टाकून दे ना."

माझ्याकडेच का, तर मी बरीच वर्षं वाचनालयात बसते. पूर्वी पालक विचारायचे, पोराला वाचायला काय देऊ? मी फास्टर फेणे काढून द्यायची, जरा लहान असेल तर चांदोबाचे जुने अंक. आता तेच पालक, किंवा त्यांचीच मोठी झालेली मुलं, विचारतात, गेम कुठला देऊ? गेमचा आणि माझा काय संबंध, असं म्हणून मी हात झटकू शकले असते. पण पुस्तक देण्याआधी चाळून बघायची सवय हाताला लागलेली. मग मी गेमही चाळायला लागले. हे काम पुस्तकापेक्षा अवघड निघालं. पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून बघता येतं. गेमचं तसं नाही.

फोनमधल्या अ‍ॅपच्या दुकानात 'अ‍ॅडव्हेंचर' एवढं लिहिलं तरी काय काय पुढ्यात येतं! तलवारी, झोंबी, डायनासोर, सोन्याच्या पेट्या, आणि प्रत्येकाच्या कपाळावर 'फ्री'. खाली एक आकडा असतो, ३+, ७+, १२+ असा. बहुतेक आईबाप तो आकडा बघतात आणि निर्धास्त होतात. हा आकडा येतो कुठून ते सांगायला हवं. गेम काढणारी कंपनी एक प्रश्नावली भरते. रक्त दाखवलंय का, शिवीगाळ आहे का, जुगार आहे का, उघडंनागडं काही आहे का. या उत्तरांवरून आंतरराष्ट्रीय पद्धतीने आकडा ठरतो. सिनेमाच्या बाबतीत निदान कोणीतरी तो आधी बसून बघतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून आपल्या सेन्सॉर बोर्डाने यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन तुकडे केले, तेही बघूनच द्यायचे. गेमचा आकडा वाईट नाही, पण तो गेममध्ये काय नाही एवढंच सांगतो. काय आहे ते सांगत नाही. या हिशेबाने बुद्धिबळालाही ३+ मिळेल, आणि तीन वर्षांचं पोर त्यातला घोडा तोंडात घालेल.

मुळात साहसाचा पहिला कॉम्प्युटर गेम एका बापाने आपल्या मुलींसाठी लिहिला होता. विल क्राउथर त्याचं नाव. ज्या अर्पानेटमधून पुढे इंटरनेट आलं त्यावर अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीत काम करणारा प्रोग्रॅमर. त्याला आणि त्याची बायको पॅट्रिशियाला नाद होता गुहांचा. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हच्या परिसरात उतरायचं, सरपटत पुढे जायचं, मोजमापं घ्यायची आणि नकाशे काढायचे. १९७२ मध्ये तिथल्या दोन प्रचंड गुहा आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधलं त्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुली दुरावल्या. क्राउथरने १९७५-७६ च्या सुमारास एक प्रोग्रॅम लिहिला, ज्याला लोक पुढे 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' म्हणू लागले. त्यात चित्र नावाला नाही. पडद्यावर अक्षरं उमटतात, तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतात. तुम्ही दोन शब्दांत हुकूम द्यायचा, उत्तरेला जा, दिवा घे. मुली बापाला भेटायला आल्या की हा गेम खेळायच्या. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात भर घातली आणि तो जगभरच्या कॉम्प्युटरांवर पसरला. अ‍ॅडव्हेंचर गेम हे नाव सगळ्या जातीला चिकटलं ते याच्यावरून.

मला यात आवडतं ते हे, की क्राउथरने मुलींना दिलेली गुहा त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांनी मोजलेली होती. खऱ्या गुहेचा नकाशा त्या अक्षरांच्या मागे आहे. त्यामुळे त्यात हरवलं तरी रस्ता असतो, आणि खेळणारे कागद-पेन्सिल घेऊन तो काढत बसायचे. जपानमध्ये शिगेरू मियामोतोचीही गोष्ट अशीच. क्योतोजवळच्या सोनोबे गावात तो वाढला. डोंगरात भटकताना त्याला एक गुहा सापडली, पुढे कंदील घेऊन तो आत शिरला. १९८६ चा 'द लेजेंड ऑफ झेल्डा' त्या भटकंतीतून आला असं तो सांगतो. थोडक्यात, चांगलं साहस बनवणारा माणूस आधी कुठेतरी स्वतः घाबरलेला असतो.

आमच्याकडे गुहेला काय तोटा! देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या कुशीत मार्लेश्वर आहे. पायऱ्या चढून वर गेलं की धारेश्वराचा धबधबा समोर कोसळत असतो, आणि देवाचं दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत समयांचा उजेड. कपारीत साप असतात, आणि ते कुणाला काही करत नाहीत अशी श्रद्धा. सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेले तेव्हा बाहेर चपला काढतानाच त्याने माझा पदर मुठीत धरला. मला वाटलं सापांचं विचारेल. वाटेत थोरल्या भावाने त्याला सापांवरून भरपूर पिडलं होतं. पण त्याने दाराकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आत्या, बाहेर यायचं पण इथूनच ना?" मी म्हटलं, इथूनच. मग पदर सोडून तो माझ्या आधी वाकला आणि आत गेला.

लहान मुलाला साहस देताना मी हाच प्रश्न गेमला विचारते. बाहेर यायचा रस्ता आहे ना, आणि तो पोराला दिसतो ना? भीती असली तर असू दे. उलट भीती नसेल तर साहस कसलं! 'पजामा सॅम' नावाचा १९९६ चा एक गेम आहे. ह्युमंगस एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने काढलेला, कॉम्प्युटरवर आजही मिळतो. सॅम नावाचं पोर रात्रीच्या कपड्यांत, पाठीवर झूल टाकून, अंधाराला पकडायला कपाटात शिरतं आणि अंधाराच्या देशात जाऊन पडतं. सुरुवातीलाच झाडं त्याला पकडून त्याची विजेरी, मुखवटा आणि खाऊचा डबा काढून घेतात. ते शोधत फिरायचं. कोणी मरत नाही, घड्याळ मागे लागत नाही, पुन्हा नव्याने खेळलं की काही वस्तू दुसरीकडेच लपलेल्या असतात. त्यात एक होडी आहे, ऑटो नावाची. ती पाण्याला घाबरते. लाकूड तरंगतं हे तिला ठाऊकच नाही! शास्त्री आणि सोनवीच्या काठावर वाढलेल्या कुठल्याही पोराला ती होडी दाखवा, ते हसून लोळतं. लाकूड तरंगतं हे सिद्ध करून दाखवल्यावर ऑटो सॅमला पाण्यातून नेते. शेवटी अंधार भेटतो तेव्हा तो बिचारा एकटा पडलेला असतो, त्याला खेळायला कोणीतरी हवं असतं. आमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की रात्र-रात्र वीज नसते. हा गेम खेळलेलं पोर त्या रात्री काही कमी घाबरत नाही, पण घाबरल्यावर अंधाराशी बोलायला लागतं. मला एवढं पुरे आहे.

तलवारीबद्दल मात्र मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण हे संगमेश्वर आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाने संभाजीराजांना पकडलं ते आमच्या कसब्यात. 'छावा' सिनेमा आल्यापासून गाड्या वाढल्या, पोरंही वाढली. कर्णेश्वराच्या देवळात दगडी खांबांमधून छताचं कोरीवकाम बघत उभ्या असलेल्या बापाला पोर हटकून विचारतं, मग पुढे काय झालं? इथली माणसं सहा-सात वर्षांच्या पोराला पकडलं इथपर्यंत सांगतात. राजे वाकले नाहीत, हे सांगतात. पुढचे हाल सांगत नाहीत. ते पोर जरा मोठं झालं की त्याला आपोआप कळतं. ही वयाची पायरी आम्हाला कोणी छापून दिलेली नाही. पण कुठे थांबायचं हे सांगणाऱ्याला समजतं, कारण ऐकणाऱ्याचं तोंड समोर असतं.

गेममधल्या तलवारीचं दुखणं रक्त नाही. रक्त तर ७+ च्या गेममध्ये बहुधा नसतंच. दुखणं हे, की वार बसला की समोरचा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी नाणी पडतात. पोर नाणी उचलतं आणि पुढे धावतं. राजाच्या गोष्टीत निदान माणूस मेल्यावर गोष्ट थांबते, कोणीतरी रडतं. इथे थांबायला फुरसतच नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला हा लटका व्यवहार आहे हे कळतं. सहा वर्षांच्या पोराच्या हातात मी असा गेम देत नाही, मग त्यावर आकडा कुठलाही असो.

आता माझा लाडका गेम. २०१९ मध्ये अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या तरुणाने काढला, 'अ शॉर्ट हाइक'. क्लेअर नावाची एक पक्षीण सुट्टीत आपल्या मे आँटीकडे डोंगराळ बेटावर आलेली असते. तिला एका फोनची वाट बघायची आहे आणि बेटावर रेंज नाही. आँटी म्हणते, शिखरावर जा, तिथे रेंज मिळते. एवढीच गोष्ट! आमच्या भाच्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. गणपतीत त्यांचे बाप मुंबईच्या साहेबाचा फोन घ्यायला घरामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर जातात, एक हात कानावर आणि दुसरा हवेत. "हा आपलाच गेम आहे," थोरली म्हणाली.

क्लेअरला वर चढायला सोनेरी पिसं लागतात. जितकी पिसं, तितका लांबचा कडा चढता येतो. ती वाटेत सापडतात, कुणाचं काम केलं की मिळतात. पडलं तरी लागत नाही, पंख पसरून तरंगत खाली यायचं. शत्रू कोणीच नाही. शिंपले गोळा करणारं पोर आहे, मासे धरणारा आहे, हरवलेली वस्तू शोधून दे म्हणणारे आहेत. सरळ शिखराकडे गेलं तर एका दुपारचं काम. पण पोरं सरळ जात नाहीत. आमच्या भाच्याने आधी बेटाला पूर्ण फेरी मारली. आरतीच्या पुस्तिकेबरोबर आलेल्या वर्गणीच्या पावत्या पाठकोऱ्या होत्या, त्यांवर त्याने नकाशा काढायला घेतला. पहिल्या पावतीवर समुद्र आणि होडी. दुसरीवर डोंगर, पण तो मावेना, म्हणून तिसरी पावती भाताच्या शितांनी वर चिकटवली. पूल काढला तिथे त्याने 'सोनवी' लिहिलं. बेटावर सोनवी नाही, हे थोरलीने दाखवून दिलं. तो म्हणाला, "मला माहितेय. पण पूल तसाच आहे."

या गेमची एक अडचण आहे. तो बोलत नाही, सगळं लिहून दाखवतो, आणि तेही इंग्रजीत. सहा वर्षांच्या पोराला ते वाचता येत नाही. मला ती अडचण न वाटता सोय वाटते. कोणालातरी शेजारी बसावंच लागतं. मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे, बेटावरची पात्रं हळूहळू आमच्याकडची भाषा बोलायला लागली. मासे धरणारा तर पहिल्याच भेटीत म्हणाला, "काय रं बाला, खय चाललंस?" पोरं खूश. दुसऱ्या दिवशी वहिनी शेजारी येऊन बसली, मग भाऊ. शिखरावर क्लेअरला फोन येतो तो कोणाचा आणि कशासाठी, ते मी इथे सांगणार नाही. आमच्या ओटीवर तेव्हा कोणी बोललं नाही एवढं सांगते. त्यानंतर क्लेअर उडत खाली येते, आँटीला काय घडलं ते सांगते, आणि गेम संपतो.

गेम संपतो, हे मला अधोरेखित करायचं आहे. कारण फोनवरचे बहुतेक 'फ्री' गेम संपतच नाहीत. ते रोज बोलावतात. आज आलास तर एक पेटी, उद्या आलास तर दोन, सलग सात दिवस आलास तर मोठी पेटी. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. पेटीत काय आहे ते आधी दिसत नाही. याच कारणावरून बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सने तिथल्या सरकारी आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खाजगी माहितीच्या प्रकरणातले, आणि साडेचोवीस कोटी फसव्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीचे परत द्यायचे. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. पोराला रोज सकाळी हजेरी लावायला सांगणाऱ्या गेमचं काय करायचं, ते घरच्यांनीच बघायचं.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर तासभर आणि पाच ते दहाच्या मुलांना दोन तासांहून कमी स्क्रीन सांगितली आहे. हे बरोबरच. पण अर्धा तास झाला म्हणून टॅब ओढून घेतला की जो आकांत होतो, त्यातला निम्मा दोष गेमचा असतो. ज्या गेमला थांबायची जागा नाही, तिथे पोराने कुठे थांबावं? 'पजामा सॅम' किंवा 'अ शॉर्ट हाइक' मध्येच बंद केला तरी ती जागा तशीच राहते, कोणी काही हिरावून घेत नाही. माझ्या बघण्यात अशा गेमवरून रडारड कमी होते. होत नाही असं नाही.

मला हमखास विचारला जाणारा दुसरा प्रश्न, आपला एखादा नाही का, भारतातला? आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला. सर्कशीत कसरती करणारी राजी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, दुर्गेने दिलेलं त्रिशूळ, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, आणि देवांच्या कथा. बघताना अभिमान वाटतो, पुण्यात हे झालं म्हणून आणखी वाटतो. पण तो सतत लढाईचा गेम आहे. सहा वर्षांच्या पोरासाठी तो केलेलाच नाही, बाराच्या पुढच्यांना खुशाल द्या. लहानग्यांसाठी मराठीत बोलणारा, हिंडायला लावणारा साहसाचा गेम मी शोधत असते. अक्षरं गिरवायचे आणि आकडे मोजायचे गेम मराठीत सापडतात. शिकवायचं म्हटलं की आपल्याला उत्साह येतो, भटकायला सोडायचं म्हटलं की हात आखडतो.

आणि माल तर दारात पडलाय. संगमेश्वर रोडनंतर रत्नागिरीकडे जाताना पुढचं स्टेशन उक्षी. तिथल्या सड्यावर जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी भलाथोरला हत्ती कोरून ठेवलाय. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी पायपीट करून अशी कातळशिल्पं गावागावांतून शोधली. त्यांत मासे आहेत, मोर आहेत, माणसं आहेत, आणि आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत यांतली नऊ ठिकाणं गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. कोणी कोरली, का कोरली, कोणालाच सांगता आलेलं नाही. साहसाच्या गेमला याहून वेगळं काय लागतं? एक पोर, एक सडा, पावसाने धुतलेली एक रेघ, आणि ती रेघ कुठे जाते ते बघत चालायचं.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरात गेम बनवणारी मराठी मुलं आता पुष्कळ आहेत. त्यांतलं कोणी हे वाचत असेल तर माझी विनंती आहे. गणपतीत किंवा शिमग्यात गावी येताच आहात, एक दिवस उक्षीला उतरा. सडा पायांनी फिरा. मग गेम करा. तो मराठीत बोलू दे, त्याचे पैसे एकदाच घ्या, आणि त्याला शेवट ठेवा. झाला की आमच्या वाचनालयात येऊन दाखवा. खेळून बघायला सहा वर्षांची गिऱ्हाईकं मी गोळा करते.